मिस्त्री काय म्हणाला

आई, परवा तो भाग पुन्हा पाहिला. दोरीचा. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मुलीने सहज विचारलं, मॅडम, तुमच्या लहानपणी टीव्हीवर काय लागायचं? मी सांगायला लागले, एक जुनं खटारा विमान, त्यातला कॅप्टन, मिस्त्री, डॉक्टरीण, दर सोमवारी कुठल्या तरी डोंगरात नाहीतर वाळवंटात अडकलेल्या लोकांना सोडवायला जायचे. तिने चहा संपायच्या आत मालिका शोधून माझ्या फोनवर पाठवून दिली. रविवारी जेवणं झाल्यावर मी एकटीच बसले आणि नेमका तोच भाग लावला. खाली अक्षरंही येतात आता, कोण काय बोलतं ते लिहून येतं. आई, मी तुला तेव्हा जे सांगितलं होतं ते त्यात नाही. म्हणून लिहायला बसले. तुला जाऊन तेवीस वर्षं झाली, तुझ्या कंपनीतली मावशीही गेली, आता सांगून कुणाचं काय भलं होणार आहे ते मला माहीत नाही. तरी लिहिते.

चारकोपची आपली ती एक खोली मला अजून दिसते. मामाने रंगीत टीव्ही घेतला म्हणून त्याचा जुना ब्लॅक अँड व्हाइट आपल्याकडे आला होता, लाकडी शटरवाला. शटर ढकलताना करकर आवाज व्हायचा आणि तू दर वेळी म्हणायचीस, याला जरा मेण लावायला हवं, आणि कधीच लावायची नाहीस. बाबा गिरणी बंद पडल्यापासून गावी होते. घरात तू, मी आणि सोमवारी संध्याकाळी कॅप्टन. मालिका पूर्ण इंग्लिशमध्ये. तू सातवी शिकलेली, तुला त्यातलं 'ओके' आणि 'कमॉन' एवढंच कळायचं. पण तुझ्याकडे मी होते. आठवीत, मालाडच्या इंग्लिश मीडियमच्या शाळेत, दोन बसा बदलून जाणारी. मी तुझ्या शेजारी बसून प्रत्येक वाक्याचं मराठी करून सांगायचे. आता खरं सांगते, त्यातलं निम्मं मी मनाचं सांगायचे. आमच्या टीचर गोव्याच्या, त्यांचं इंग्लिश मला कळायचं. ही गोरी माणसं तोंडात सुपारी धरल्यासारखं बोलायची. पण 'कळलं नाही' असं म्हणायची माझी छाती नव्हती. तू माझी फी भरत होतीस आणि त्या बदल्यात तुला दर सोमवारी काहीतरी मिळायला हवं, असं मला वाटायचं. शिवाय मी सांगितलेली गोष्ट पुष्कळदा मूळ गोष्टीपेक्षा चांगली असायची, हेही खरंच.

ती गोष्ट मग मंगळवारी तुझ्याबरोबर कंपनीत जायची. इंडस्ट्रियल इस्टेटमधली ती गोळ्यांची कंपनी, लांब पट्टा, त्याच्या दोन्ही बाजूंनी तुम्ही बाराजणी. पुढे सरकणाऱ्या खोक्यात दोन स्ट्रिपा, एक घडी घातलेला माहितीचा कागद, आणि झाकण. बोलायला बंदी होती. पण तुम्हा सगळ्यांच्या डोक्याला टोपी आणि तोंडाला फडकं असायचं, त्यामुळे कोण बोलतंय ते सुपरवायझरला दिसायचं नाही. मान हलवायची नाही, हात थांबवायचे नाहीत, फडक्यामागून बोलायचं. अर्ध्याजणींकडे टीव्ही नव्हता, त्या तुझ्याच तोंडून भाग ऐकायच्या. नावं त्यांनीच पाडलेली, टोपीवाला तो कॅप्टन, विमान दुरुस्त करणारा हसरा जाड्या तो मिस्त्री. कॅप्टनपेक्षा मिस्त्रीच लाईनचा लाडका होता. तू संध्याकाळी येऊन मला सांगायचीस, आज अशी भांडणं झाली, अमकी म्हणाली डॉक्टरणीने कॅप्टनशी लग्न करावं, तमकी म्हणाली कशाला, मिस्त्री काय वाईट आहे. तू खुशीत असलीस की ते सगळे आवाज काढून दाखवायचीस. त्या पट्ट्यावर तुझं एक वजन होतं, ते मला घरी बसून कळायचं.

मावशी पट्ट्यावर तुझ्या उजव्या हाताला बसायची. कणकवलीकडची, तुझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी. तू तिला ताई म्हणायचीस आणि मी मावशी. तूच मला सांगितलं होतंस की तू नवीन लागलीस तेव्हा मी तापाने फणफणले होते, तुझं लक्ष नव्हतं, आणि एका पाळीची सगळी खोकी एकेका स्ट्रिपचीच गेली. सुपरवायझर विचारायला आला, कुणी केलं. मावशी म्हणाली, लाईनने केलं. मग पाळी सुटल्यावर बाराहीजणी बसल्या आणि सगळी खोकी उघडून पुन्हा भरली. लाईनची चूक लाईनची, ही रीत तिनेच घातलेली. एकदा मावशी आपल्याकडे आली असताना मी तिची नक्कल करून दाखवली होती, ती कागदाची घडी डोळ्यांजवळ नेऊन कशी बघते त्याची. ती गेल्यावर तू माझ्या पाठीत धपाटा घातलास आणि म्हणालीस, "त्या हातांनी तुझं दूध आणलंय माझ्या घरात. परत असं केलंस तर बघ." तिला कमी दिसायला लागलं होतं हे तुला तेव्हाच ठाऊक होतं. कंपनीला ठाऊक नव्हतं.

त्या सोमवारी मावशी आपल्याकडेच होती. तू तांदळाच्या भाकऱ्या थापत होतीस, बांगडे तळून झाले होते, हातातला उंडा तसाच ठेवून तू टीव्हीसमोर येऊन बसलीस. खोल दरी, तिच्यावर जाड दोर, दोराला लाकडी पाळणा आणि पाळण्यात एक म्हातारा आणि चार पोरं. पाळणा अडकतो. मिस्त्री त्याच दोरावरून जाऊन तो सोडवतो, आणि त्याचा पाय निसटतो. आता तो पाळण्याच्या खाली एका बारीक दोरीला लोंबकळतोय, तिचं दुसरं टोक वरच्या दोरावरून येऊन कड्याला बांधलेलं. त्याच्या वजनाने वरचा दोर उसवायला लागलाय. कॅप्टन कड्यावर सुरा घेऊन उभा. मिस्त्री मान वर करतो, काहीतरी ओरडतो. वारा सुटलाय, पाण्याचा आवाज आहे, मला एक अक्षर कळलेलं नाही. कॅप्टन बारीक दोरी कापतो. मिस्त्री पडतो. तू डोळ्यांना पीठ लागेल याचंही भान न ठेवता डोळे पुसलेस आणि मला विचारलंस, "काय गं म्हणाला तो?"

मी म्हटलं, "काप म्हणाला. माझा विचार करू नकोस, पोरांना वाचव."

मावशी पुढे वाकून पडद्याकडे बघत होती. ती म्हणाली, "माका ता इंग्लिश कळणा नाय बाये. पण तेचे हात बघलंस? तो वर येत होतो."

"नाही मावशी. तो काप म्हणाला."

"मरूक तयार झालेलो माणूस मनगटाक दोरी गुंडाळणा नाय," मावशी म्हणाली. तिने आपल्या हाताने करूनही दाखवलं, आधी मनगट फिरवायचं, मग वजन घ्यायचं. आयुष्यभर हातांकडे बघत काम केलेली बाई. मी मात्र आठवीतली. मी म्हटलं, "अगं मावशी, त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं ना!" आणि तू हसून तिला म्हणालीस, "जाऊ दे ताई, ती इंग्लिश मीडियमची आहे. तिला कळतं." मावशीने ऐकून घेतलं. "असात बाये. तुका कळता, माका खय?" असं म्हणून ती बांगड्याचा काटा काढायला लागली.

मंगळवार आणि बुधवार पट्ट्यावर दुसरा विषय नव्हता. तू घरी येऊन सांगत होतीस. निम्म्याजणी कॅप्टनवर चिडलेल्या, मेल्याने जिवाभावाचा माणूस कापला म्हणून. निम्म्या म्हणत होत्या की पाच जीव वाचवायला एक गेला, त्याला इलाज नव्हता. तू कॅप्टनच्या बाजूची. तुझ्याकडे हुकमाचं पान होतं, मिस्त्रीने स्वतःच सांगितलं काप म्हणून. माझ्या मुलीने ऐकलंय, असं तू सांगितलंस की समोरच्या गप्प बसायच्या. मावशी एकटीच शेवटपर्यंत म्हणत राहिली, तो येत होता वर. आणि मी हे सगळं ऐकून मनातून फुगले होते, लाईनवर माझा शब्द चालतो म्हणून.

गुरुवारी गोदामातून माल परत आला. बी.पी.च्या गोळ्यांच्या खोक्यांत डायबिटीसच्या गोळ्यांचा कागद गेला होता. दोन्ही कागद सारख्याच निळ्या पट्टीचे, नीट दिसणाऱ्याला फरक कळेल एवढाच. माल बाहेर जाऊन आला होता, त्यामुळे नुसतं बसून पुन्हा भरून भागणार नव्हतं. साहेबांनी सांगितलं, शनिवारपर्यंत नाव द्या, नाहीतर सोमवारपासून बाराहीजणींना गेट बंद. आणि सुपरवायझरने तुला बाजूला घेऊन वर हेही सांगितलं की कागदाचे गठ्ठे तुझ्या हातातून पुढे जातात, नाव नाही आलं तर आम्ही तुझंच धरणार. हे तू मला खूप वर्षांनी, एकदाच, तेही भांडताना सांगितलंस. कागद घालत होती मावशी. तू शेजारी. तुला माहीत होतं आणि तिला माहीत होतं.

त्या संध्याकाळी तू पोळ्या करत होतीस. मी खाली जमिनीवर भूगोलाचा नकाशा रंगवत होते, दुसऱ्या दिवशी तपासणी होती. कंपनीतलं तू काही बोलली नाहीस. एक पोळी तव्यावर काळी झाली तरी तुझं लक्ष नव्हतं, आणि तू तर कधी पोळी जाळायची नाहीस. मग एकदम विचारलंस, "त्या दिवशी तो मिस्त्री नक्की काय म्हणाला गं?"

"सांगितलं ना. काप म्हणाला."

तू काळी पोळी बाजूला टाकलीस. "तू नीट ऐकलंस?"

"हो गं आई."

तू गॅस बंद केलास. माझ्यासमोर येऊन उकिडवी बसलीस. हाताला पीठ तसंच. "थांब असं काही म्हणाला नाही ना तो?" तू विचारलंस. "कॅप्टनला थांब म्हणाला, असं नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. "काप म्हणाला."

शुक्रवारी सकाळी तू साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन नाव सांगितलंस. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीआधी मावशीची पिशवी गेटवर सगळ्यांसमोर उलटी करून तपासली, डबा उघडून बघितला, आणि तिला बाहेर काढलं. सतरा वर्षं त्या गेटने आत-बाहेर केलेली बाई. संध्याकाळी तू मला एवढंच म्हणालीस, "मी ताईंचं नाव घेतलं." मग बादलीत पाणी सोडून कपडे धुवायला बसलीस, धुतलेलेच कपडे.

लाईनने तुला वाळीत टाकलं. कुणी भांडलं नाही, शिव्या दिल्या नाहीत, फक्त फडक्यामागून बोलणं बंद केलं. तू जेवणाच्या सुट्टीत एकटी डबा खायचीस, पाण्याच्या टाकीशेजारी. दोन सोमवारांनी मिस्त्री परत आला, हाताला बँडेज आणि तेच हसू. नदीकाठच्या कुठल्याशा झाडाला अडकून वाचला होता म्हणे. मी आनंदाने ओरडले. तू उठलीस, शटर ओढलंस आणि टीव्ही आतल्या आत बोलत राहिला. त्यानंतर तू ती मालिका कधी पाहिली नाहीस. त्या दिवाळीला मात्र तू माझ्यासाठी जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश आणलास, आणि पहिल्या पानावर तुझ्या गोल अक्षरात लिहिलंस, 'तुझ्यामुळे मला कळतं.' तो शब्दकोश मी फार वापरला नाही. वापरला नाही याचं कारण तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

तू मावशीकडे जात राहिलीस, संक्रांतीला, गणपतीला. एकदोनदा मीही आले होते. ती दार उघडायची, चहा करायची, गावचं विचारायची, आणि त्या शुक्रवारबद्दल तुम्ही दोघीही चकार शब्द काढायच्या नाहीत. मला वाटायचं, मिटलं. तुझ्या तेराव्याला ती आली, नातवाचा हात धरून, एव्हाना जवळजवळ काहीच दिसत नव्हतं तिला. पानावरून उठल्यावर तिने मला जिन्याजवळ बोलावलं. म्हणाली, "मी तिका सांगितलंय होता, शनिवारपर्यंत थांब. घरात सांगतंय आणि मी आपणच जावन सायबाक सांगतंय. माझ्या पायान गेटाबाहेर पडतंय. ती भियाली. पोरगी शिकत होती तिची." ती पुढे म्हणाली, "राग इलो होतो, गेलो. पण गेटार तिना माझ्याकडे बघूक नाय. बघल्यान असता तर बरा वाटला असता." मग माझ्या तोंडावरून हात फिरवून ती जिना उतरली, एकेक पायरी चाचपत.

म्हणजे आई, गुरुवारी दुपारी मावशी तुला थांब म्हणाली होती. आणि संध्याकाळी तू माझ्यासमोर उकिडवी बसून मला तेच विचारत होतीस. तेरा दिवसांपूर्वी तू गेली होतीस आणि मला जिन्यात उभं राहून हे कळत होतं. तेव्हाही मी स्वतःला समजावलं की मी तर खरं तेच सांगितलं होतं. काप म्हणाला असेलच तो. गोष्टीत तसंच शोभत होतं.

परवा मी तो भाग पाहिला. दरी मला वाटत होती तेवढी खोल नाही, पाळणा तर चक्क खेळण्यातला वाटतो. मिस्त्री मान वर करतो. वारा, पाणी. मनगटाला दोरीचा एक वेढा, मग दुसरा. आणि खाली अक्षरं आली, "थांब! मी येतोय वर!" दोनदा म्हणतो तो. मी मागे नेऊन पुन्हा लावलं, आवाज वाढवला. आता मला ते इंग्लिश अगदी स्वच्छ ऐकू येतं. बत्तीस वर्षं त्याच भाषेत पत्रं लिहून पगार घेतलाय मी.

त्या भागाखाली लोकांनी लिहिलेलं होतं, कुठकुठल्या देशांतले, माझ्याच वयाचे. कुणी लिहिलंय की लहानपणी हे बघून आठवडाभर जेवलो नाही. कुणी दोराची जाडी आणि माणसाचं वजन मांडून दाखवलंय की आणखी अर्धं मिनिट दोर टिकला असता. कुणी म्हणतं कॅप्टनला इलाज नव्हता. सगळं तुमच्या पट्ट्यावरचंच भांडण, वाक्यंसुद्धा तीच. फक्त एका गोष्टीवर त्यांच्यात वाद नाही, मिस्त्री काय म्हणाला यावर. ते सगळ्यांनी ऐकलंय. कॅप्टनने थांब ऐकूनही कापलं, यावरच तर ते इतकी वर्षं भांडतायत. मला वाटलं, आपणही लिहावं, आमच्याकडे चारकोपला एक बाई होती, तिला इंग्लिश येत नव्हतं आणि तिला हे पहिल्यांदाच बघून कळलं होतं. मराठीत लिहिलं, मग इंग्रजीत लिहिलं, मग दोन्ही पुसून टाकलं. त्यांना ती कोण हे कसं सांगणार?

माझ्या एका खोट्यामुळे तू नाव घेतलंस, असं म्हणून मी सगळं स्वतःवर घेणार नाही. ते सोपं होईल, आणि तुलाही आवडणार नाही. तू घाबरली होतीस, तुझ्यामागे मी होते, शाळा होती. मी 'थांब म्हणाला' असं सांगितलं असतं तरी कदाचित तू गेलीच असतीस केबिनमध्ये. कदाचित एक दिवस थांबली असतीस. नाहीतर निदान गेटवर तिच्याकडे बघितलं असतंस. मला माहीत नाही. हे पत्र मी कुठे टाकणार? फोनमध्ये लिहितेय, फोनमध्येच राहील, माझ्या मुलालाही दाखवणार नाही.

एवढं मात्र तुला सांगायचं राहिलं होतं. सोमवारी मी बढाई मारली, ते पोरपण म्हणून सोडून देता येईल. पण गुरुवारी तू पिठाच्या हातांनी माझ्यासमोर बसलीस तेव्हा मला माझी खात्री नव्हती, आणि मला माहीत होतं की खात्री नाही. मी तुझ्या तोंडाकडे बघितलं. त्या इंग्लिश वाक्यातलं मला काही कळलं नव्हतं, आई, पण तुला कुठलं उत्तर हवंय ते कळलं होतं. मी तेच दिलं आणि पुन्हा नकाशा रंगवायला लागले.